सगुण वर्ग आणि निर्गुण वर्ग

व्याख्यान देणारा आणि शिकविणारा हे दोघे एकच, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो कितपत खरा आहे, याची कसोटी पाहण्याचा प्रसंग आम्हां प्राध्यापकांवर २०२० सालीं आला. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत कोरोनाच्या साथीमुळें महाराष्ट्रांतील महाविद्यालयें बंद झालीं, आणि फळा, खडू व बाकें यांच्या जागीं हातांत मावणारा मोबाईल आला. पाथरीसारख्या तालुक्याच्या गांवीं इंग्रजी वाङ्मय शिकविणारे आम्ही त्या कांचेच्या तुकड्यासमोर बसून शेक्सपियरविषयीं बोलूं लागलों.

सगुण आणि निर्गुण या उपासनांचा वाद आमच्या संतांनीं पुष्कळ रंगविला आहे. निर्गुणाची उपासना अवघड कां, हें आम्हांस त्या दिवसांत कळलें. वर्गांत बसलेला विद्यार्थी सगुण असतो. त्याच्या कपाळावरची आठी, वहीवर थबकलेली लेखणी, शेजाऱ्याकडे टाकलेला चोरटा दृष्टिक्षेप, हीं सर्व आमचीं वाचनाचीं साधनें. वाक्य समजलें नाहीं, हें मुलगा तोंडानें सांगत नाहीं. त्याचा चेहरा सांगतो, आणि आम्ही तेंच वाक्य दुसऱ्या शब्दांत पुन्हा मांडतों. झूम किंवा गूगल मीट यांवरील वर्गांत मात्र विद्यार्थी म्हणजे एक काळी चौकट आणि तिच्यांत एक नांव. विनोद केला तर हंसूं नाहीं, प्रश्न केला तर उत्तर नाहीं. ‘ऐकूं येतें आहे ना?’ हा प्रश्न आम्ही त्या वर्षीं जितक्या वेळां विचारला, तितक्या वेळां उभ्या आयुष्यांत दुसरा कोणताहि प्रश्न विचारला नसेल.

या काळ्या चौकटींचें कारण मुलांचा आळस, असें आमचे शहरांतील मित्र म्हणत. येथील कारण निराळें होतें. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या तालुक्यांतून जातो. कालव्याच्या तोंडाशीं शेत असेल त्याला पाणी पोटभर मिळतें. चारीच्या शेवटास, ज्याला आमचे शेतकरी ‘टेल’ म्हणतात, तेथें तें पोंचेल तेव्हां खरें. इंटरनेटचेंहि तसेंच. एका तासाच्या दृश्य व्याख्यानाला शेंकडों मेगाबाईट लागतात. आणि घरांत फोन एक, तो बापाच्या खिशांत, आणि बाप शेतांत किंवा ऊसतोडीला परमुलखांत. भावाचा आणि बहिणीचा तास एकाच वेळीं आला, तर फोन कोणाच्या हातीं जाई, हें सांगावयास नको. आमच्या एका विद्यार्थिनीनें निरोप पाठविला: ‘सर, रात्रीं नऊनंतर फोन मोकळा असतो. तेव्हां ऐकतां येईल असें कांहीं पाठवाल का?’

आम्ही दृश्य सोडून ध्वनि पकडला. ध्वनीला दृश्याच्या मानानें फार थोडा डेटा लागतो; म्हणून दहा दहा मिनिटांचे पाठ मुद्रित करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवूं लागलों. वर्गांत जी मुलगी कधीं तोंड उघडीत नसे, ती आपल्या आवाजांत इंग्रजी उतारा वाचून रात्रीं परत पाठवूं लागली. चुका होत, परंतु हंसणारें कोणी नव्हतें. एकच पाठ चार वेळां ऐकण्याचा अधिकार सगुण वर्गानें तिला कधींच दिला नव्हता, हेंहि येथें मान्य केलें पाहिजे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्याचेंहि मर्म आम्हांस हेंच वाटतें. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यांनीं यंत्राला मुलाच्या सोयीनें वांकविलें. मुलाला यंत्रापुढें वांकविलें नाहीं.

परभाषेंतून शिकण्याची संवय मराठवाड्याला जुनी आहे. निजामी अमलांत उच्च शिक्षणासाठीं हैदराबादची वाट धरावी लागे, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या तेथील उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें. इंग्रजी ग्रंथ उर्दूंत आणण्यासाठीं एक स्वतंत्र भाषांतरखातें होतें, आणि विद्वान मंडळी वर्षानुवर्षें त्यांत खपत होती. आज तें काम यंत्र क्षणांत करूं पाहतें. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रम २०२२ सालीं सुरू झाला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी अवतरलें. पाथरीच्या मुलास इंग्रजी निबंधाचा अर्थ मध्यरात्रीं मराठींत विचारतां यावा, हें सुख आम्ही लहान मानीत नाहीं.

परंतु जें यंत्र अर्थ सांगतें, तेंच उत्तरहि लिहून देतें. वह्यांतील उत्तरें एकाएकीं निर्दोष झालीं, तेव्हां आनंदाऐवजीं आम्हांस धास्ती वाटली. त्या निर्दोष उत्तरांत मुलगा कोठेंच सांपडेना. दूरस्थ शिक्षणाच्या समर्थनार्थ एकलव्याचा दाखला नेहमीं देतात. पण बाण लागला कीं चुकला, हें एकलव्याला डोळ्यांनीं दिसत होतें. भाषेच्या विद्येंत आपला बाण चुकला, हें सोडणाऱ्यास दिसत नाहीं. आणि यंत्रानें सोडलेला बाण तर त्याला आपलाच वाटूं लागतो. म्हणून हल्लीं आम्ही लिहून आणलेला निबंध मिटावयास सांगतों आणि दोन मिनिटें बोलावयास लावतों. एका मुलाच्या निबंधांतला पाऊस सर्वस्वीं विलायती होता. त्याला आम्ही पाथरीचा पाऊस विचारला. तो अडखळत, चुकत इंग्रजींत पांच वाक्यें बोलला. त्यांत पेरणी होती, उधारीचें बियाणें होतें, आणि आभाळाकडे पाहणारी आई होती. गुण आम्ही त्या पांच वाक्यांस दिले.

सगुण श्रेष्ठ कीं निर्गुण, हा वाद संतांनींहि अखेर तोडला नाहीं. त्यांनीं दोन्हींस नमस्कार केला. आमचेंहि म्हणणें तितकेंच आहे. यंत्रानें रात्रीं नवाला दार उघडावें. दारांतून आंत आलेलें मूल कोण आहे, हें पाहण्यास मात्र माणूस बसलेला असावा. त्या कामांतून आम्हांस सुट्टी मिळण्यासारखी नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर ती आम्हांस नकोहि आहे.