बसून जेवावें कोठें?

मुंबई पाहावयास निघालेल्या मनुष्याला काय पाहावें हें सांगणारे पुष्कळ भेटतात. दुपारीं एक वाजतां त्यानें कोठें जेवावें हें सांगणारा क्वचितच भेटतो. प्रवासवर्णनें लिहिणारे आमचे ग्रंथकारहि या बाबतींत मोठे संयमी. कमान कोणत्या घाटाची, घुमट कोणी योजिला, दगड कोठून आणला, हें सारें ते सविस्तर सांगतील. परंतु त्या कमानीखालीं उभे असतां पोटांत कावळे ओरडूं लागले तेव्हां त्यांनीं स्वतः काय केलें, ही गोष्ट मात्र ते वाचकांपासून लपवून ठेवतात. भूक हा जणूं साहित्यांत न शोभणारा विषय! मला तो वर्षांतून एकदां तरी टाळतां येत नाहीं, कारण त्या दिवशीं माझ्याबरोबर पंचवीस-तीस पोटें असतात.

माझें घर सरावलीस, बोईसरला अगदीं लागून. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारानें हें गांव आतां गांव म्हणण्याइतकें गांव राहिलें नाहीं, आणि शहर म्हणण्याइतकें शहरहि झालें नाहीं. माझ्या वर्गांत येणारीं पुष्कळशीं मुलें डहाणू, तलासरी, विक्रमगड या बाजूच्या पाड्यांवरचीं. कित्येकांच्या घरांतून पदवीच्या वर्गाची पायरी चढलेलें तें पहिलेंच माणूस असतें. २०१३ च्या एप्रिलमध्यें उपनगरी गाडी विरारच्या पुढें डहाणूपर्यंत धांवूं लागली, तेव्हांपासून मुंबई आम्हांला जवळ झाली असें म्हणतात. जवळ झाली म्हणजे अडीच तासांवर आली. आणि बोईसरची पहाटेची गाडी गांठावयाची तर विक्रमगडकडच्या मुलाला आदल्या रात्रींच कोणा नातेवाइकाच्या ओटीवर येऊन पडावें लागतें. तरीहि दर हिंवाळ्यांत मी हा खटाटोप करतों. इंग्रजी वाङ्मय शिकवणाऱ्याला साम्राज्य पुस्तकांत दाखवण्यापेक्षां दगडांत दाखवणें सोपें जातें.

सहलीच्या आदल्या दिवशीं मी टिपणें काढीत बसतों, आणि स्वयंपाकघरांतून एकच प्रश्न येतो : "अहो, तें सगळें खरें, पण पोरें जेवणार कुठें?" टिपणांत या प्रश्नाचें उत्तर नसतें.

आमचा क्रम ठरलेला आहे. चर्चगेटला उतरावयाचें, १९२२ सालीं लोकांना खुलें झालेलें वस्तुसंग्रहालय पाहावयाचें, आणि तेथून गेटवे ऑफ इंडियाकडे वळावयाचें. पंचम जॉर्ज बादशहा व त्यांची राणी १९११ सालीं या धक्क्यावर उतरलीं तेव्हां ही कमान उभी नव्हती. ती पुरी होऊन उघडली गेली १९२४ सालीं. पुढें अवघ्या चोवीस वर्षांनीं, १९४८ च्या फेब्रुवारींत, अखेरची गोरी पलटण तिच्याखालून बोटीवर चढली. समोर १९०३ पासूनचें ताजमहाल हॉटेल. तेथील एका कॉफीच्या किंमतींत आमचीं सात-आठ मुलें सहज जेवतील. बादशहानें उतरण्याची जागा म्हणून ज्या स्थळाचें स्मारक केलें, तेथें प्रजेनें बसावें कोठें याचा विचार बांधणाऱ्यांनीं केला नाहीं, यांत नवल नाहीं. फरसबंदी उन्हांत तापलेली, सांवली कमानीपुरती, आणि २००८ च्या नोव्हेंबरांतील हल्ल्यानंतर बंदोबस्तहि कडक. अशा ठिकाणीं डबा उघडावा असें कोणाला वाटेल?

खावयास कांहीं मिळत नाहीं असें मुळींच नाहीं. कोट विभागांत गल्लोगल्लीं अन्न आहे, आणि तें स्वस्तहि आहे. चर्चगेटच्या बाजूची खाऊगल्ली दुपारीं पाहावी : कारकून, वकिलांचे मदतनीस, बँकांतील मुली, सारीं हातांत कागदी बशी धरून उभीं असतात. वडापावाची निंदा तर मी कधींच करणार नाहीं. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर त्याचा जन्म झाला असें सांगतात. तेव्हांपासून त्यानें या शहराला जितकें जगवलें तितकें फारच थोड्या संस्थांनीं जगवलें असेल. परंतु तें पाळीची वेळ गांठणाऱ्याचें, चालतां चालतां खावयाचें अन्न. ज्याला बसावयास वेळ नाहीं त्याच्यासाठीं तें निघालें. पुढें ज्याला बसावयास जागा नाहीं त्याच्याहि वाट्याला तेंच आलें. आणि पहाटे तीनला उठलेल्या, वस्तुसंग्रहालयाचे तीन मजले चढून उतरलेल्या मुलाला एक वाजतां जें हवें असतें त्यांत अन्न निम्में आणि बूड टेकणें निम्में.

चर्चगेटला साडेअकराच्या सुमारास डबेवाल्यांची धांदल आमच्या दृष्टीस पडते. १८९० पासून चालत आलेली ही व्यवस्था पाहून मुलें थक्क होतात. घरचें अन्न त्याच्या धन्याला बरोबर शोधीत जातें! पण त्या डब्यालाहि शेवटीं एक टेबल ठाऊक असतें. कचेरींत ज्याची खुर्ची आहे त्याचाच डबा पोंचतो. आम्हीं पाहुणे, आमचा पत्ता दुपारपुरता कोणताच नसतो.

हें असें नेहमींच नव्हतें. काळ्या घोड्याच्या त्या चौकांत, वस्तुसंग्रहालयापासून हांकेच्या अंतरावर, बसावयाच्या दोन चांगल्या जागा होत्या. एक 'वेसाइड इन'. अरुण कोलटकर तेथें खिडकीशीं वर्षानुवर्षें बसत, आणि त्या खिडकींतून दिसलेली फुटपाथवरच्या माणसांची न्याहारी २००४ सालीं त्यांच्या 'काळा घोडा पोएम्स' या इंग्रजी संग्रहांत अवतरली. इडलीवाली बाई येते, तिच्याभोंवतीं रस्त्यावरचीं भुकेलीं माणसें जमतात, आणि घटकाभर तो चौक एक भोजनगृह होतो. रस्त्यावर जेवणाऱ्यांचें एवढें मोठें काव्य लिहिण्यासाठीं कवीला स्वतःला मात्र एक खुर्ची लागली, याचें मला नेहमीं कौतुक वाटतें. (त्या चौकांतला मूळ घोडा १९६५ सालीं राणीच्या बागेंत गेला, २०१७ सालीं नवा आला तो स्वारावांचून. स्वारालाहि बसावयास जागा उरली नाहीं, असें माझा एक विद्यार्थी म्हणाला होता.)

दुसरी जागा 'समोवार'. जहांगीर कलादालनांत १९६४ सालीं सुरू झालेलें तें उपाहारगृह, आगगाडीच्या डब्यासारखें लांबट आणि अरुंद, बाजूला वस्तुसंग्रहालयाच्या आवारांतली हिरवळ. मुंबईंत शिकत असतांना एका पराठ्यावर दोन-दोन तास बसून मीं तेथें निबंध लिहिले आहेत. "आतां उठा" असें कोणी म्हटल्याचें मला आठवत नाहीं. २०१५ च्या मार्चमध्यें तें बंद झालें. वेसाइड इन त्याच्याहि आधीं गेलें होतें. आणि इराण्यांविषयीं तर काय सांगावें! संगमरवरी टेबल, वांकवलेल्या लांकडाची काळी खुर्ची, ब्रून-मस्का आणि पाणी-कम चहा. तेथील भिंतीवरच्या मनाई-हुकुमांच्या पाट्यांवर नीसिम एझिकेल यांनीं कविता केली. परंतु इतक्या मनाया असूनहि बसण्याची मनाई इराण्यानें कधीं केली नाहीं. बेकारानें नोकरीचा अर्ज तेथेंच लिहावा आणि तेथेंच फाडावा.

या जागा कां गेल्या याचें कारण लोक आवडी-निवडींत शोधतात. मला तें भाड्यांत दिसतें. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या भाडेकरूंचीं भाडीं जवळजवळ गोठवून टाकलीं. घरमालकाचें त्यांत नुकसान झालें, इमारतींच्या डागडुज्या राहिल्या, हें सर्व खरें. पण त्याच गोठलेल्या भाड्याच्या आधारानें एका चहावर तासभर बसणारें गिऱ्हाईक इराण्याला परवडत होतें. त्या खुर्चीचे पैसे, कोणी सांगितलें नाहीं तरी, घरमालक भरीत होता! जागेचा करार संपला, वारस दुसऱ्या धंद्याला लागले किंवा पागडी घेऊन मोकळे झाले, कीं नव्या भाड्याच्या हिशेबांत प्रत्येक खुर्चीला मिनिटांचा दर लागतो. मग खुर्ची तरी महाग होते किंवा नाहींशी तरी होते. अन्न स्वस्त ठेवतां येतें; जागा स्वस्त ठेवणें फार अवघड.

सरकारनेंहि या प्रश्नाला हात घातला नाहीं असें नाहीं. १९९५ सालीं एक रुपयांत झुणका-भाकर देण्याची योजना निघाली. केंद्रें झालीं, कांहीं वर्षांत योजना गुंडाळली गेली, आणि पाटीवर झुणका-भाकर व कढईंत भलतेंच कांहीं असें दृश्य ठिकठिकाणीं दिसूं लागलें. पुढें २६ जानेवारी २०२० रोजीं दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली : दोन चपात्या, भाजी, वरण आणि दीडशें ग्रॅम भात, वेळ बारा ते दोन. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली, थाळीची किंमत पांच रुपयांवर आली, आणि त्या दिवसांत तिनें पुष्कळांचे प्राण धरून ठेवले. इस्पितळें, एस. टी. स्थानकें, बाजारपेठा पाहून त्या केंद्रांची योजना केलेली होती, आणि तें योग्यच होतें. रोग्याचा नातेवाईक गरीब असतो, हमाल गरीब असतो. परंतु कमान आणि घुमट पाहावयास आलेला मनुष्यहि गरीब असूं शकतो, हें मात्र कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. प्रेक्षक म्हटला कीं त्याच्या खिशांत पैसे आहेत असें आपण गृहीतच धरतों.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. एक वाजून गेला होता. कोटांतल्या एका गल्लींत उडुपी पद्धतीचें जुनें उपाहारगृह आहे. राइस प्लेट मिळते, पंधरा मिनिटांत जेवण होतें. गल्ल्यावरच्या मालकानें आमचा घोळका पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, दोन तुकड्या करा. निम्मे आतां, निम्मे वीस मिनिटांनीं." मुलें रांगेला लागलीं. तेवढ्यांत माझें लक्ष दारावरील पाटीकडे गेलें : 'बाहेरील खाद्यपदार्थ आंत आणूं नयेत.' आणि पाटीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, तलासरीकडची एक मुलगी पिशवी पोटाशीं धरून उभी होती.

"काय ग, आंत येत नाहींस?"

"तुम्ही जेवा, सर. मला भूक नाहीं."

पहाटेपासून पोटांत काय गेलें असेल याचा अंदाज मला होता. पिशवींत फडक्यांत बांधलेली भाकरी होती, आणि राइस प्लेटचे पैसे बहुधा नव्हते. मालकाला दोष देतां येत नव्हता. त्याची पाटी त्याच्या भाड्यानें लिहविली होती. तिच्या ताटाचे पैसे मी भरणें म्हणजे एकोणतीस मुलांच्या देखत तिची पिशवी उघडण्यासारखें होतें. मी घुटमळत असतांना मागून वर्गांतला एक दांडगा पोरगा, जो तासाला सहसा तोंड उघडीत नाहीं, मोठ्यानें म्हणाला, "सर, हिच्याकडे सुकटीची चटणी आहे. ती सोडून इथला सांबार कोण खाणार?" हंशा झाला. रांग मोडली. मालकालाहि हंसूं आलें.

पोरांनीं वडापाव घेतले, कोणी पुरी-भाजी बांधून घेतली, आणि आम्हीं ओव्हल मैदानावर गेलों. तेथें बसूं नये अशी पाटी माझ्या दृष्टीस पडली नाहीं, आणि मीं ती शोधलीहि नाहीं. कडेच्या झाडाखालीं वर्तमानपत्रें आणि दोन ओढण्या पसरल्या. फडकें सुटलें. नाचणीच्या भाकऱ्या सहा होत्या. त्यांचे तुकडे तीस झाले. तिच्या मागून आणखी तीन पिशव्या उघडल्या. मघां रांगेंत उभ्या असलेल्या मुलांच्याच होत्या त्या. चटणीचा वास वाऱ्यावर गेला, तसे शेजारीं एकटेच डबा खात बसलेले एक वयस्क गृहस्थ वळून म्हणाले, "जवळा का हो?" त्यांना एक तुकडा गेला, त्यांच्याकडून फुलकोबीची भाजी आली. ते मूळचे वसईकडचे निघाले. पुढची दहा मिनिटें सुकट कोणती चांगली यावर कडाक्याचा वाद झाला. पलीकडे पांढऱ्या कपड्यांतला क्रिकेटचा सामना चालला होता, त्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें. ती मुलगी निर्धास्तपणें जेवली, आणि एक वडापावहि तिनें हक्कानें मागून घेतला.

समोर राजाबाई मनोरा उभा होता. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून तो १८७८ सालीं पुरा झाला. त्यांच्या आईला डोळ्यांनीं दिसत नसे, आणि जैन धर्माप्रमाणें सूर्यास्तापूर्वीं जेवण उरकण्याची वेळ तिला घंटेच्या आवाजावरून कळावी म्हणून मुलानें तो बांधविला, अशी आख्यायिका आहे. मनोऱ्याच्या गॉथिक शैलीविषयीं मीं काढलेलें टिपण खिशांतच राहिलें. ही आख्यायिका तेवढी सांगितली, आणि त्या दिवशीं मीं सांगितलेल्यांपैकीं मुलांनीं लक्षांत ठेवली ती तीच.

यंदाच्या सहलीचें सूचनापत्रक परवांच लावलें. 'ओळखपत्र', 'पाण्याची बाटली', 'डबा' यांच्याखालीं 'दर चार जणांत एक जुनी चादर' असा नवा शब्दसमूह पाहून आमच्या कचेरींतील लिपिकानें मला थांबवलें.

"सर, मुक्काम आहे का?"

"नाहीं," मी म्हणालों, "जेवण आहे."