विजापूर-दर्शन

सोलापुराहून विजापुरास जाणारा महाराष्ट्रीय मनुष्य बहुधा अफजलखानास मनांत घेऊनच गाडींतून उतरतो. आम्हीही तसेच उतरलों. १ नोव्हेंबर २०१४ पासून या शहराचें सरकारी नांव विजयपुर झालें आहे. जुन्या नांवाचें मूळही तेंच.

प्रथम गोल घुमट पाहिला. इ. स. १६५६ मध्यें निवर्तलेल्या महंमद आदिलशहाची ही कबर. घुमटाचा आंतील व्यास सुमारें १२४ फूट, आणि खालीं आधारास एकही खांब नाहीं! एकमेकींस छेदणाऱ्या कमानींवर तो सारा भार तोलला आहे. वरच्या सज्जांत एका बाजूस कुजबुजलेलें समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकूं येतें. मात्र शाळांच्या सहली आल्या कीं तेथें एकच कोलाहल माजतो; कुजबूज ऐकावयाची असेल त्यानें अगदीं सकाळीं जावें.

परंतु मन रमलें तें इब्राहिम रोझांत. दुसरा इब्राहिम आदिलशहा (राज्यकाल १५८०–१६२७) संगीताचा मोठा भक्त. त्याच्या ‘किताब-ए-नौरस’ या दखनी गीतसंग्रहांत सरस्वती व गणपति यांचें स्तवन आहे. लोक त्यास जगद्गुरु म्हणत. खिडक्यांच्या दगडी जाळ्या अरबी अक्षरांच्याच कोरलेल्या आहेत. वाग्देवतेस वंदन करणाऱ्याच्या समाधीस हेंच भूषण शोभतें, असें मला वाटलें. आंतील दालन सुमारें चाळीस फूट चौरस असून त्याचें छत सपाट आहे. दगड कशाच्या आधारानें राहिले, तें खालून उमगत नाहीं.

शेवटीं करीमुद्दिनची मशीद. बरोबरचे वृद्ध स्नेही दाराशींच थांबले. “मास्तर, तुम्ही या पाहून. देवळाचे खांब आहेत तिथं. माझ्यानं आंत येववत नाहीं.” त्यांचें म्हणणें खरें होतें. इ. स. १३२० ची ही मशीद जुन्या देवळांच्या खांबांवर उभी आहे, आणि त्यांपैकीं कांहींवर संस्कृत व कानडी लेख अद्याप आहेत. हें झांकून नुसती कारागिरीची स्तुति करणारे वाटाडे मला आवडत नाहींत. पण तेवढ्यासाठीं रोझाही न पाहतां परतणारांचेंही मला नवल वाटतें.

ही मशीद रेवोया नामक सुतारानें बांधली, असें तेथील शिलालेखांत आहे. बाहेर येऊन मीं तें सांगितलें. स्नेही बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “ते खांब उचलतांना त्याला काय वाटलं असेल हो?”

मजुरीनें कीं भयानें त्याचे हात चालले, तें लेखांत नाहीं.