कुलुपांतील पेटी

हिंजवडीच्या ज्या इमारतींत आमचा दिवस जातो, तिच्या प्रवेशद्वाराशीं भिंतीवर एक पांढरी पेटी टांगलेली आहे. तीवर हृदयाचें चित्र असून त्यांत विजेची नागमोडी रेघ आहे. वर्षभर आम्ही तीपुढून गेलों. पण तिचा कधीं विचार केला नाहीं.

एके दुपारीं शेजारच्या मेजावरील गृहस्थ एकाएकीं कोसळले. कोणी पाणी शिंपडलें, कोणी तळपाय चोळले, कोणी कांदा हुंगविण्यास सांगितलें. ते मधून मधून आचके देत होते. 'श्वास चालू आहे' असें म्हणून आम्हीं स्वतःचें समाधान करून घेतलें. असे आचके हा श्वास नव्हे, तर हृदय बंद पडल्याचें चिन्ह असूं शकतें, हें आम्हांस मागाहून कळलें. पेटीची आठवण एकास झाली. परंतु तिला कुलूप होतें, आणि किल्लीवाला जेवावयास गेला होता. १०८ ची गाडी हिंजवडीच्या गर्दींतून वाट काढीत पोहोंचली, तों फार उशीर झाला होता.

पुढें आम्ही ही विद्या शिकलों. अशा वेळीं हृदय पुष्कळदां स्तब्ध नसतें. तें नुसतें थरथरतें व रक्त पुढें ढकलीत नाहीं. छातीच्या मध्यभागीं मिनिटास १०० ते १२० वेळां, निदान ५ सेंटिमीटर खोल दाबीत राहिल्यास मेंदूस थोडें रक्त मिळतें. पेटींतील डिफिब्रिलेटर विजेच्या झटक्यानें ती थरथर मोडतो. झटक्यानंतरही लगेच पुन्हा दाबूं लागावें. कांहींच न केल्यास जगण्याची आशा दर मिनिटास शेंकडा ७ ते १० नें घटते. झटका द्यावा कीं नाहीं, हें यंत्र स्वतः पारखतें व बोलून सांगतें; तेव्हां अनाडी हातांनीं भिण्याचें कारण नाहीं. हे दोन उपाय एकाच घरचे आहेत. १९६० सालीं अमेरिकेंत कौवेनहोव्हन, ज्यूड व निकरबॉकर यांनीं छाती दाबण्याची रीत प्रसिद्ध केली. ती सुचली डिफिब्रिलेटरचे प्रयोग चालले असतांनाच.

चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठीं कपाटांत जपून ठेवण्याची आपली रीत आहे. पेटीस कुलूप लावणाऱ्याचा हेतुही असाच भला असेल. परंतु हा पाहुणा न कळवितां येतो, आणि किल्ली सांपडेपर्यंत थांबत नाहीं.

आतां त्या पेटीस कुलूप नाहीं. येतां-जातां आम्ही तिचें दार ओढून पाहतों, तें उघडतें. शेजारचें मेज मात्र अजून रिकामेंच आहे.