मनीचे म्हातारपण

आमची मनी आता सोळा वर्षांची झाली. म्हणजे माझ्याहून थोरलीच. रामनगरच्या आमच्या घरात शिरलेला उंदीर तिच्या तावडीतून क्वचितच सुटला असेल. पण गेल्या पावसाळ्यापासून ती मध्यरात्री स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने ओरडू लागली. दूध पिऊन होते न होते तोच पुन्हा बशीपाशी येई. दार उघडे असताही बिजागरीच्या बाजूस उभी राहून वाट पाही. चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री मी रागाने तिला बाहेर घालवून दार लावले. सकाळी पाहतो तो ती अंगणात भिजून बसलेली! चार पावलांवरची पडवी तिला सापडली नव्हती.

गुरांच्या डॉक्टरांनी तिचे कान, रक्तदाब, मूत्रपिंडे यांची तपासणी केली; कारण त्यांच्या विकारांतही मांजर असेच वागते. मग ते म्हणाले, "हिचा मेंदू म्हातारा झाला आहे."

मेंदूही म्हातारा होतो, हे मला नवेच होते. वयाबरोबर मांजराचा मेंदू आक्रसतो व त्यातील द्रवाच्या पोकळ्या रुंदावतात. बीटा-अमायलॉइड नावाचे प्रथिनही त्यात साचू लागते. एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी मेलेल्या 25 मांजरांचे मेंदू तपासून 2025 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मज्जापेशी जेथे एकमेकींना निरोप देतात, त्या सांध्यांतच म्हाताऱ्या मांजरांत हे प्रथिन आढळले. आणि एरवी मेंदूची राखण करणाऱ्या पेशी ते सांधेच गिळत होत्या. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणायचे! अल्झायमरच्या रोगात माणसाच्या मेंदूतही हेच प्रथिन साचते. प्रयोगशाळेतील उंदरांत तो रोग मुद्दाम उत्पन्न करावा लागतो. मांजरास मात्र तसा विकार आपोआप होतो.

हे वाचताना मला आजी आठवली. ती जुन्या सुप्याची. काळी नदीवर धरण झाले, गाव जलाशयाखाली गेले आणि आमची माणसे रामनगरास आली. हल्ली दिवेलागणीला आजी "सुप्याला घरी चला" म्हणते. "आजी, सुपे बुडाले," असे मी दर वेळी सांगत असे. जणू गणिताचे उत्तरच दुरुस्त करीत होतो.

आता मनीची बशी आम्ही जागची हलवीत नाही, आणि रात्री स्वयंपाकघरात लहानसा दिवा ठेवतो. परवा ती ओरडली म्हणून उठलो, तर आजी चुलीजवळ तिला मांडीवर घेऊन बसली होती. "हिला घरी जायचंय रे, सुप्याला," ती म्हणाली.

"उजाडलं की जाऊ, आजी," मी म्हणालो आणि तिच्याजवळ बसलो.