मागच्या चाकातला आवाज

आमच्या घरची ओम्नी भाईजान चालवतात. फजरनंतर भट्टीवरचे पाव, खारी आणि टोस्ट भरायचे, कऱ्हाडहून पाटणच्या बाजूला निघायचं आणि वाटेतल्या टपऱ्या, किराणा दुकानं करत दुपारी परत यायचं. आठवड्यातून दोनदा कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणलाही फेरी असते. ही गाडी १९८४ साली बाजारात आली, २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण आमच्यासारख्या हजारो घरांची चूल अजून अशाच गाड्यांवर चालते. ती दोन दिवस उभी राहिली की दोन दिवसांचा माल पडून राहतो.

गेल्या पावसाळ्यानंतर तिच्यातून आवाज यायला लागला. चाळीसच्या पुढे गेलं की बारीक घूं... साठला तो सगळ्या गाडीत भरायचा. एका गॅरेजवाल्याने गाडी दहा मिनिटं चालवली आणि निकाल दिला: डिफ्रन्शियल गेलंय, उघडावं लागेल. खर्च सांगितला तो भाईजानच्या पंधरा दिवसांच्या कमाईएवढा. उघडल्यावर दुसरंच काही निघालं तर? तर तेही करू, असं उत्तर मिळालं.

भाईजान तिथून उठले आणि गाडी उस्तादांकडे नेली. उस्ताद साठीच्या पुढचे आहेत. हुनर त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही, दहाव्या वर्षापासून पाने धुता धुता शिकलेत. त्यांनी पाना हातात घेतला नाही. म्हणाले, "आधी आवाज वेगळा करू. पैसे नंतर."

व्हॅन म्हणजे पत्र्याचा रिकामा डबा. मागच्या डाव्या चाकात काही वाजलं तरी पुढच्या सीटवर ते उजवीकडून आल्यासारखं वाटतं. त्यामुळे नुसत्या कानावर भरवसा ठेवून चालत नाही. कानाला प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न टायरचा. खरबरीत रस्त्यावरून नव्या गुळगुळीत डांबरावर गेल्यावर आवाज एकदम बदलला तर संशय टायरवर. आमचा दोन्हीकडे सारखाच राहिला. दुसरा प्रश्न इंजिनाचा. मोकळ्या सरळ रस्त्यावर साठला गाडी न्यूट्रल केली. इंजिन शांत झालं, घूं मात्र तशीच. वेग उतरला तशी ती उतरली. म्हणजे आवाज चाकाच्या फिरण्याशी बांधलेला आहे. तिसरा प्रश्न डिफ्रन्शियलचा. त्याचे दाते झिजले असतील तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर आवाजाचा सूर बहुधा बदलतो. इथे फारसा फरक नव्हता.

मग वळणं. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचं वजन डाव्या चाकांवर जातं, डावीकडे वळते तेव्हा उजव्या. झिजलेल्या बेअरिंगवर भार आला की ते जास्त ओरडतं. आमची गाडी प्रत्येक उजव्या वळणाला वाढून बोलायची आणि डाव्या वळणाला जवळजवळ गप्प व्हायची. उस्ताद म्हणाले, "मागचं डावं. पण अजून नक्की नाही."

नक्की करायला गाडी जॅकवर घेतली. ओम्नीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो आणि चाक फिरवून बघायचं तर तो सोडावाच लागतो. म्हणून आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले आणि जॅकच्या भरवशावर न राहता एक्सलखाली भक्कम ठोकळा दिला. चाक वर-खाली धरून हलवलं. किंचित खट् असं लागलं. उस्तादांनी सांगितलं की नेहमी असं लागेलच असं नाही. बेअरिंग हलत नसतं तरीही वाजू शकतं. मग एका हाताने चाक फिरवून त्यांनी दुसरा तळवा पाट्यावर ठेवला, आणि माझाही हात तिथे ठेवायला लावला. वाळू दळल्यासारखी बारीक खरखर हाताला लागत होती. उजव्या बाजूला तेच केलं, तिथे हाताला काही लागलं नाही. दोन चाकांमधला हा फरक मला कुठल्याही शब्दापेक्षा लवकर कळला.

ड्रम काढल्यावर आत लायनर तेलाने माखलेले. बेअरिंगजवळचं ऑइल सील गेलं होतं आणि डिफ्रन्शियलचं तेल ब्रेकवर येत होतं. म्हणजे घाटात त्या चाकाचा ब्रेक नीट धरतच नव्हता. ओम्नीत मागच्या चाकाचं वजन याच बेअरिंगवर असतं. ते पुरतं फुटलं तर चाक एक्सलसकट बाहेर येऊ शकतं. आवाजाची सवय होऊन जाते, धोका मात्र तेवढाच राहतो. ईदला याच गाडीत ट्रे काढून आम्ही पोरंबाळं बसवतो, हे माझ्या मनातून जाईना.

एक्सल बाहेर काढला, बेअरिंगमागची रिंग कापली, नवं बेअरिंग आणि रिंग प्रेसवर बसवली. सील नवं, लायनर नवे, डिफ्रन्शियलमध्ये कमी झालेलं तेल भरलं. सांगितलेल्या रकमेच्या चौथाईत काम झालं आणि दुसऱ्या दिवशी फजरनंतर माल निघाला.

उस्तादांचा मुलगा पुण्यात मोठ्या वर्कशॉपमध्ये आहे. तिथे स्कॅनर लावला की बिघाड पडद्यावर दिसतो. आमच्या ओम्नीच्या चाकाला पडदा नाही, तिला हात आणि कानच लागतात. उस्तादांच्या गॅरेजमध्ये आता एकही शागिर्द नाही. पोरांना हे काम काळं आणि कमी पैशाचं वाटतं, त्यात त्यांची चूक काढता येत नाही. पण ज्याच्याकडे पंधरा दिवसांची कमाई एका अंदाजावर लावायला नाही, त्याच्यासाठी एक तास खर्चून नेमका दोष शोधणारा माणूस फार मोठा असतो. पैशाने गरीब असलेल्याला तपासणी तरी पुरी मिळायला हवी.

तुमच्याकडे अशी जुनी व्हॅन असेल तर एकदा रेडिओ बंद करून मोकळ्या रस्त्यावर चालवा. कुठल्या वळणाला आवाज वाढतो ते लिहून ठेवा, आणि गॅरेजवाल्याने काही उघडण्याआधी त्याला ते सांगा.