कावळा बसला आणि फांदी मोडली

मोटार या वस्तूविषयीं आम्हीं कांहीं लिहावें याचें आमच्या परिचितांस नवल वाटेल. ज्यानें आयुष्यांत सायकलीपलीकडे वाहन बाळगलें नाहीं आणि ज्याचा सारा काळ मुलांकडून शब्द व धातु यांचीं रूपें घोकवून घेण्यांत गेला, त्याला इंजिनांतलें काय कळणार? परंतु २०२३ सालीं सूनबाईंच्या बाळंतपणाच्या निमित्तानें आम्ही उभयतां अमेरिकेंत, न्यू जर्सी राज्यांत, धाकट्या चिरंजीवांकडे सहा महिने राहिलों. त्या मुक्कामांत एक प्रकरण असें घडलें कीं, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

चिरंजीवांनीं आदल्या वर्षीं एक वेगवान मोटार घेतली होती. आठ सिलिंडरांचें इंजिन, साडेचारशेंच्या आसपास अश्वशक्ति आणि मागें दोन माणसें बसतील न बसतील एवढी जागा! ही गाडी तान्ह्या मुलाच्या उपयोगाची नाहीं हें दिसतच होतें; पण सूनबाईंची साधी गाडी निराळी होती, म्हणून आम्हीं तो विषय काढला नाहीं. आम्ही पोंचलों त्याच आठवड्यांत एका मोठ्या खोक्यांतून चकाकणाऱ्या पोलादी नळ्यांचे दोन गुंते घरीं आले. त्यांस ‘हेडर’ म्हणतात आणि ते इंजिनाला जोडावयाचे आहेत असें कळलें. ऐकतांच आमच्या पोटांत धस्स झालें. आमच्या पुण्यांत बुलेट मोटारसायकलीचा मूळचा सायलेन्सर काढून कानठळ्या बसविणारी नळी लावणारे तरुण आहेत. पोलीस त्या नळ्या जप्त करून रोडरोलरखालीं चिरडतात आणि त्याचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत येतात. आमचा मुलगा त्यांतलाच निघाला कीं काय!

चिरंजीव हंसले आणि आम्हांस गॅरेजांत घेऊन गेले. तेथें त्यांनीं जें समजाविलें त्याचा सारांश असा. प्रत्येक सिलिंडरांत इंधन जळतें आणि जळलेला वायु बाहेर टाकावा लागतो. कारखान्यांतून येणाऱ्या पुष्कळ गाड्यांत हा वायु प्रथम ओतीव लोखंडाच्या एका आंखूड भागांत एकत्र होतो. त्यास मॅनिफोल्ड म्हणतात. तें स्वस्त असतें, टिकाऊ असतें आणि आवाजही कमी करतें. परंतु त्यांत एका सिलिंडराचा लोट दुसऱ्याच्या लोटास आडवा येतो. हेडरांत प्रत्येक सिलिंडरास स्वतःची नळी असते, नळ्यांची लांबी शक्य तों सारखी राखतात आणि त्या पुढें जाऊन एका ठिकाणीं मिळतात. एक लोट वेगानें पुढें गेला म्हणजे त्याच्या पाठीमागें दाब कमी होतो आणि त्यामुळें पुढल्या लोटास वाट मोकळी मिळते. आम्हांस शाळा सुटण्याची वेळ आठवली. चार वर्ग एकदम एकाच दारावर लोटले म्हणजे रेटारेटी होते. तेच चार वर्ग आपापल्या जिन्यानें पाळीपाळीनें उतरले तर शाळा अर्ध्या वेळांत रिकामी होते.

तत्त्व कळलें, पण लाभ किती? ‘दहा-पंधरा अश्वशक्ति, नाना,’ असें उत्तर आलें. साडेचारशेंत दहा-पंधरा, आणि त्यासाठीं हजारावर डॉलर! पण शौकाचा हिशेब त्रैराशिकानें सुटत नाहीं. आम्हीं स्वतः एका जुन्या संस्कृत कोशापायीं महिन्याचा पगार घातलेला आहे. तेव्हां गप्प बसणें आलें.

एक गोष्ट मात्र चिरंजीवांनीं शहाणपणाची केली होती. लांब नळ्यांचे हेडर बसवावयाचे तर बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरांतील विषारी वायु निवविणारा डबा, जागचा हलवावा किंवा काढावाच लागतो. अमेरिकेच्या स्वच्छ हवेच्या कायद्यानें असा फेरफार करण्यास मनाई आहे. १९९० सालच्या दुरुस्तीपासून ही मनाई खुद्द गाडीच्या मालकासही लागू झाली. आंखूड नळ्यांचे हेडर या डब्यास हात न लावतां बसूं शकतात. लाभ कमी, पण वाट सरळ. चिरंजीवांनीं आंखूडच घेतले, आणि तेही कॅलिफोर्नियाच्या हवा-मंडळानें तपासून मान्यतेचा क्रमांक दिलेले.

मग आम्हीं मास्तरकीचा प्रश्न टाकला, ‘अरे, पण कंपनीच्या हमीचें काय?’ या बाबतींत त्यांच्या मित्रमंडळींत दोन पंथ होते. एक पंथ म्हणे, परका भाग बसला कीं साऱ्या गाडीची वॉरंटी बुडाली. दुसरा म्हणे, कायदा आपल्या बाजूस आहे, कंपनी कांहींएक करूं शकत नाहीं. दोन्ही पंथ चुकीचे होते, हें आम्हांस पुढें समजलें.

हेडर बसून चार महिने झाले आणि एकाच आठवड्यांत गाडीला दोन दुखणीं लागलीं. मागल्या आंसांतून, जेथें डिफरन्शियल असतें तेथून, घुरघुर असा आवाज येऊं लागला. आणि चालकासमोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. आंसाचें काम पदरच्या पैशानें करावयाचें तर ३,००० डॉलरांपर्यंत खर्च सांगण्यांत आला. सूनबाईंचा पूर्ण पगार त्या वेळीं चालू नव्हता, घराचे हप्ते थांबत नव्हते आणि बाळ उणेंपुरें तीन महिन्यांचें होतें. इंजिन, आंस वगैरे मुख्य भागांची वॉरंटी पांच वर्षें किंवा ६०,००० मैल, यांतील जें आधीं पुरें होईल तोंवरची होती. म्हणजे मुदत शिल्लक होती. प्रश्न होता तो त्या चकाकणाऱ्या नळ्यांचा.

मित्रांनीं उपाय सुचविला. शनिवारीं हेडर काढावे, जपून ठेवलेलें मूळचें मॅनिफोल्ड बसवावें आणि सोमवारीं साळसूदपणें गाडी डीलरकडे न्यावी. दोन्ही कामें फुकट होतील. मग हेडर पुन्हा चढवावे.

आतां लाजेची गोष्ट सांगावयाची. ज्यांनीं ३४ वर्षें मुलांस खरेपणाचे धडे दिले, त्या आम्हीं त्या रात्रीं जेवतांना म्हटलें, ‘मग काढून टाक कीं! कोण पाहतो?’ नातवाच्या पाळण्याकडे पाहून तें तोंडांतून निघालें, असें म्हणून आम्ही आज सारवासारव करणार नाहीं. आम्हांस त्या रकमेची धास्ती पडली होती, एवढेंच खरें. चिरंजीव थोडा वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, ‘नाना, वहींत चूक झाली तर ती खरवडूं नये, तिच्यावर रेघ मारून शेजारीं बरोबर लिहावें, असें तुम्हीच सांगत होतां ना? पान खरवडलेलें दिसलें कीं तुम्ही दोन गुण कापत होतां.’ आमचा घास हातांतच राहिला. सौभाग्यवतींनीं पानांत भात वाढला, तेव्हां पुरे म्हणण्याचेंही आम्हांस सुचलें नाहीं.

सोमवारीं गाडी हेडरांसकट गेली; आम्हीही बरोबर गेलों. तेथल्या गृहस्थांनीं बॉनेट उघडतांच मान हलविली. हेडर बसले म्हणून जोर वाढला, जोर वाढला म्हणून आंस गेला; सबब वॉरंटी रद्द, असा त्यांचा निकाल होता.

इंजिनाचें आम्हांस फारसें कळत नसलें तरी अनुमानाची खोट कळते. डोंगरावर धूर दिसला तर तेथें अग्नि आहे असें म्हणतां येतें, कारण धूर आणि अग्नि यांचें नित्य साहचर्य आपण पाहिलेलें असतें. परंतु कावळा ताडावर येऊन बसला आणि त्याच क्षणीं ताडाचें फळ पडलें, एवढ्यावरून तें कावळ्यानें पाडलें असें ठरत नाहीं. पंडित यास काकतालीय न्याय म्हणतात. आपल्या घरच्या बायका हीच गोष्ट कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली, अशा शब्दांत सांगतात.

गंमत अशी कीं, हाच न्याय अमेरिकेच्या कायद्यांतही सांपडला. सिनेटर वॉरेन मॅग्नसन आणि प्रतिनिधि जॉन मॉस यांच्या नांवानें ओळखला जाणारा वॉरंटीविषयींचा १९७५ सालचा कायदा तेथें आहे. अमुकच छापाचा भाग वापराल तर आमची हमी, अशी अट कंपनीस सहसा घालतां येत नाहीं. तो भाग ती फुकट देत असेल तर गोष्ट निराळी. परका भाग दिसला एवढ्या कारणावर हमी नाकारतां येत नाहीं. त्या भागामुळेंच बिघाड झाला, हें कंपनीनें दाखवावें लागतें. मात्र तसें दाखविलें तर त्या बिघाडाचा खर्च मालकाच्या माथीं येतो. म्हणजे कावळ्यानें खरोखरच फांदी मोडली असेल तर फांदीची भरपाई करावी. पण सारें झाड त्याच्या नांवें लिहूं नये. गाडीच्या संगणकांतील इंजिनाचे आंकडेही कोणी बदलून घेतले असते, तर बिघाडाचा संबंध जोडणें कंपनीस पुष्कळ सोपें गेलें असतें. चिरंजीवांनीं त्यांस हात लावला नव्हता.

त्यांनीं आवाज चढविला नाहीं. हेडरांची पावती आणि ते बसविल्याची तारीख स्वतः होऊन पुढें ठेवली आणि एवढेंच मागितलें, ‘कोणत्या भागामुळें कोणता बिघाड कसा झाला, तें मला लेखी द्या.’ नकार लेखी द्यावयाचा म्हटल्यावर निकालाची भाषा बदलली. वरिष्ठांस विचारतों, असें ठरलें. सोळाव्या दिवशीं कंपनीचा तपासनीस आला. त्यानें आंस उघडविला, तेव्हां आंतलें एक बेअरिंग मुळांतच सदोष निघालें. आंस वॉरंटींत बदलून मिळाला.

पिवळ्या दिव्याची कथा मात्र वेगळी होती. ऑक्सिजन सेन्सरची वायर हेडराच्या तापलेल्या नळीस टेकून जळाली होती. येथें फांदी कावळ्यानेंच मोडली होती. तपासनिसानें जळकी वायर दाखविली, चिरंजीवांनीं ती पाहिली, वाद घातला नाहीं, आणि २८० डॉलर भरून नवी वायर नळीपासून दूर बांधून घेतली. परत येतांना ते म्हणाले, ‘हे पैसे माझेच होते, नाना.’ मॅनिफोल्ड बदलून गाडी नेली असती तर तेही वांचले असते. पण मग हें वाक्य त्यांस म्हणतां आलें नसतें.

हें वाचून इकडील कोणा तरुणानें लगेच हेडर मागवूं नयेत, म्हणून दोन शब्द. आपल्याकडे १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निराळें बोलतें. कारखान्यानें ठरविलेल्या मूळ स्वरूपांत वाटेल तसा फेरफार मालकास करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ सालीं त्यावर शिक्कामोर्तब केलें आहे. तेथला कायदा तेथें. मात्र हमीचा कागद वस्तु घेतांनाच वाचावा, काढलेला भाग व पावती जपून ठेवावी आणि नकाराचें कारण लेखी मागावें, हे तीन नियम कोणत्याही देशांत उपयोगीं पडतील.

पुण्यास परतल्यावर थोड्याच दिवसांत आमच्या घरचा मिक्सर वॉरंटींत असतांनाच बंद पडला. त्याचें चटणीचें भांडें सौभाग्यवतींनीं पूर्वीं बाजारांतून दुसऱ्या छापाचें आणलें होतें. ‘तें भांडें घरींच ठेवा, उगाच खुसपट काढतील,’ असें त्या म्हणाल्या. आम्हीं तें धुवून, पुसून मिक्सराबरोबर पिशवींत घातलें. दुकानदारानें भांडें पाहतांच मान हलविली. आम्हीं चष्मा लावला, खिशांतून कागद काढला आणि म्हटलें, ‘असें कां, तेवढें यावर लिहून द्या.’