आमलीतील संध्याकाळचा वर्ग

वापी स्थानकावर उतरून पूर्वेकडे निघाले की थोड्याच वेळात दादरा लागते. ते ओलांडल्यावर गुजरातचा एक चिंचोळा पट्टा येतो आणि त्यापलीकडे नगरहवेली सुरू होते. या वाटेवर आता कोणी कोणाला अडवीत नाही. सिल्वासाला इथले लोक सेलवास म्हणतात. आमली हा त्याचाच एक भाग. कारखान्यांमुळे देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे येथे आली आहेत. चहाच्या दुकानापाशी घटकाभर उभे राहिले, तर गुजराती, हिंदी, मराठी कानी पडतात, आणि खेड्यांतून आलेल्या वारली मंडळींची मराठीला जवळची बोलीही ऐकू येते.

गेल्या हिवाळ्यात आमलीस नातलगांकडे माझा महिनाभर मुक्काम होता. मी निवृत्त शिक्षिका, हे कळताच शेजारची पाच-सहा मराठी मंडळी संध्याकाळी जमू लागली. सर्वांनी साठी ओलांडलेली, सर्वांची मुले परदेशी. "बाई, विमानतळावर निभावेल एवढे इंग्रजी शिकवा," एवढीच त्यांची मागणी. यांतील बहुतेकांना तीन-तीन भाषा सहज बोलता येत होत्या. भाषा शिकण्याची शक्ती त्यांच्यात भरपूर होती. पण चुकलो तर हसे होईल, ही भीती मोठी होती. त्या भीतीपोटी ही मंडळी न समजलेल्या प्रत्येक प्रश्नाला मान डोलावून 'येस' म्हणत.

म्हणून व्याकरण बाजूस ठेवून मी पहिल्या दिवशी एकच वाक्य पाठ करून घेतले : "प्लीज, से इट अगेन." एक आजोबा म्हणाले, "सारखे असे विचारले, तर यांना काहीच येत नाही, असे वाटेल की!" मी म्हटले, "आजोबा, वाटू द्या. न समजता होकार देणे त्याहून महाग पडते."

याचा दाखला याच भूमीच्या इतिहासात आहे. १७७९ च्या तहान्वये पुणे दरबाराने पोर्तुगीजांना वर्षाकाठी बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देऊ केली. १७८३ व १७८५ मध्ये नगरहवेली आणि दादरा त्यांच्याकडे गेली. २ ऑगस्ट १९५४ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी सिल्वासा मुक्त केले; त्यांत संगीतकार सुधीर फडके हेही होते. पुढे पोर्तुगालने या प्रदेशात जाण्याच्या वाटेच्या हक्काचा दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लढवला. त्या तहाची निरनिराळी भाषांतरे न्यायाधीशांपुढे आली. मराठ्यांनी दिला तो केवळ महसुलाचा सरंजाम, राज्याधिकार नव्हे, असा अर्थ १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने लावला. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता मुकाट्याने मान्य केली आणि तेवढ्याने ती सत्ता ठरली, असेही त्याच निकालात म्हटले आहे. पोर्तुगालला नागरी वाहतुकीपुरता वाटेचा हक्क होता, सैन्य व शस्त्रे नेण्याचा नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असा तो निर्णय होता. एका शब्दाचा अर्थ आणि एका मौनाचा अर्थ यांवर केवढे काम झाले! हे ऐकल्यावर आजोबांचा संकोच पुष्कळ कमी झाला.

दुसरी अडचण आमच्या मराठीतूनच आलेली. "तुम्ही खायचे काही आणले नाही ना?" असे विचारल्यास आपण "हो, नाही आणले" असे उत्तर देतो, आपला 'हो' विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत अशा प्रश्नाला नुसते 'येस' म्हटले, तर 'होय, आणले आहे' असा अर्थ होऊ शकतो, आणि पिशवी उघडावी लागते. त्यावर उपाय म्हणजे नुसत्या 'येस' किंवा 'नो' वर न थांबता पूर्ण वाक्य बोलावे : "आय हॅव नो फूड," किंवा "आय हॅव फूड, प्लीज सी." ऑस्ट्रेलियात तर खाद्यपदार्थ असूनही प्रवेशपत्रावर ते नमूद केले नाहीत, तर दंड होऊ शकतो. तेव्हा लोणच्याची बरणी लपविण्यापेक्षा दाखविणेच शहाणपणाचे.

तिसरा धडा आकड्यांचा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' कानाला सारखेच वाटतात. म्हणून दाराचा क्रमांक 'वन फाइव्ह' असा सुटा म्हणून खात्री करून घ्यावी. इंग्लंडात 'हाफ फोर' म्हणजे साडेचार. आपल्या कोणाला ते साडेतीन वाटले, तर विमान हुकण्याऐवजी तासभर आधी पोहोचण्याचेच भाग्य लाभेल, असे मी म्हणताच वर्गात हशा पिकला.

वर्गात एक आजी होत्या. त्या फार हळू बोलत आणि प्रश्न संपण्यापूर्वीच 'येस' म्हणत. मी अधिकारी होऊन त्यांना मुद्दाम भरभर प्रश्न विचारी. बाराव्या संध्याकाळी त्यांनी हात वर करून मला थांबविले आणि म्हटले, "स्लोली, प्लीज." सर्वांनी टाळ्या वाजविल्या.

मार्चमध्ये त्या एकट्याच मेलबर्नला लेकीकडे गेल्या. तेथून त्यांचा फोन आला. "अधिकाऱ्याला दोनदा पुन्हा विचारायला लावले, बाई. तिसऱ्या वेळी कळले, डब्यात काय आहे ते विचारीत होता. मी डबा उघडून दाखवला." आवाज हळूच होता, पण मागून त्यांची लेक काही सुचवू लागली, तेव्हा त्या तिला म्हणाल्या, "थांब, मीच सांगते."